माळवदाचं देणं

उस्तांनी निरोप घेताना मला एक वाक्य म्हटलं होतं. त्याचा अर्थ कळायला मला अकरा वर्षं लागली. कळला तेव्हा उस्ता या जगात नव्हते. त्याहून वाईट म्हणजे, त्या वाक्याला मी तेव्हा हसत हसत, हात हलवून नकार दिला होता.

उस्ता म्हणजे आपला उस्ताद. तुर्कस्तानात सुताराला, गवंड्याला, मोटारी दुरुस्त करणाऱ्याला, हातात कसब असलेल्या कुणालाही उस्ता म्हणतात. हे उस्ता सुतार होते. बेशेहिर गावात त्यांचं दारं-खिडक्या करण्याचं छोटं दुकान होतं. त्यांचा माझा सहवास दोन रात्री आणि तीन दिवसांचा. एवढ्याशा ओळखीचं ऋण ते काय, असं कुणालाही वाटेल. म्हणून आधी माझ्या घराचं सांगतो.

माझा जन्म लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातला, माळवदाच्या घरातला. दगडी तळखड्यांवर लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं, त्यांवर किलच्या, त्यांवर कडुलिंबाचा पाला आणि सगळ्यात वर पांढरी माती. घर मोजायचं ते खणांत. आमचं नऊ खणांचं. छताला मधोमध एक साणं होतं. त्यातून उजेड आत यायचा आणि चुलीचा धूर बाहेर जायचा. दर वर्षी जेठात, मिरग निघायच्या आत, आबा यायचे. आबा आमच्या नात्यातले नव्हते. गावातली माळवदं राखणं हे त्यांचं काम. वर चढून ते आधी जुनी माती खरवडून खाली टाकायचे. मग नवी पांढरी माती पसरायची, पाणी शिंपायचं आणि चोपण्यानं चोपत बसायचं. खालून वडील ओरडायचे, “आबा, खरवडता कशाला? वरूनच टाका की नवी. दोन दिवसांचं काम एका दिवसात होईल.” आबा ऐकायचे नाहीत. त्यांची मजुरी पैशांत नसे. रब्बीची रास झाली की खळ्यावरून पाच पायल्या ज्वारी.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. मी चौदा वर्षांचा होतो. आमचं गाव किल्लारीपासून बऱ्यापैकी लांब, तरीही घराची मागची भिंत बाहेरच्या अंगाला ढासळली. माळवद मात्र खांबांवर तसंच राहिलं. किल्लारीत, सास्तुरात झोपलेली माणसं दगडमातीखाली गेली. हजारो माणसं. पुढे कित्येक महिने आम्ही सगळे उघड्यावर झोपलो. माळवद या शब्दाचीच धास्ती बसली. त्याच हिवाळ्यात घरच्यांनी उरलेलं घर उतरवलं, लाकूड विकलं आणि पत्रे टाकले. मी स्थापत्य अभियांत्रिकीला गेलो तो त्या पहाटेमुळे. मातीचं छप्पर म्हणजे मरण, हे डोक्यात पक्कं बसलं होतं. कॉलेजातही त्याविरुद्ध कुणी काही बोललं नाही.

2012 च्या जानेवारीत मी तुर्कस्तानात कोन्याला गेलो. पिठाच्या मोठ्या गिरण्यांची यंत्रं तिथे बनतात. माझ्या तेव्हाच्या कंपनीला अशी एक गिरणी उभारायची होती आणि यंत्रांचा पाया कसा घ्यायचा ते पाहण्याचं काम माझं. एक रविवार मोकळा मिळाला. हॉटेलातल्या पोरानं सांगितलं, बेशेहिरला जा, नव्वद-एक किलोमीटर, तळं आहे. डोंगर ओलांडून बस उतरली तेव्हा तळ्यावर धुकं होतं आणि पलीकडचं काहीच दिसत नव्हतं. थंडीनं बोटं वाकेनात. आडोसा म्हणून मी समोरच्या मशिदीत शिरलो. ती एश्रेफोलू मशीद. ऊब मिळाली तर पाहू, एवढाच विचार.

बाहेरून ती दगडी, जाड भिंतींची, बसक्या बांध्याची. ईशान्येचा कोपरा पाकिटाचं टोक दुमडावं तसा तिरका कापलेला. कोरीव दगडी महाद्वारातून पुढे गेलं की निळ्या-जांभळ्या फरशीच्या बारीक तुकड्यांनी मढवलेलं दुसरं दार लागतं. त्या दारातून पाऊल टाकताना मी नकळत मान खाली घातली. आमच्या घराची चौकट बुटकी होती, ती सवय अंगात राहिलेली. मान वर केली तर छत साडेसात मीटर उंचावर. पण ते माळवदच होतं.

दगडी बैठकींवर लाकडाचे उंच खांब, चाळिसांहून जास्त. खांबांच्या माथ्यावर, आपल्याकडे हस्त असतो तिथे, मधाच्या पोळ्यासारखे थरावर थर कोरलेले. त्यांवर तुळया. तुळयांवर आडव्या लाकडांची ओळ, त्यांवर फळ्या. लाकडावर तांबड्या, निळ्या, पिवळ्या रंगांची वेलबुट्टी, काही ठिकाणी उडालेली, काही ठिकाणी काल काढल्यासारखी. आणि बरोबर मधोमध छतात साणं! आता त्यावर काच आहे. त्याच्या खाली जमिनीत एक खोल हौद, भोवती लाकडी कठडा. मी मराठीत खण मोजायला लागलो. मिहराबीच्या, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याच्या, भिंतीकडे जाणाऱ्या सात रांगा, मधली सगळ्यात रुंद आणि सगळ्यात उंच. “पाच, सहा, सात,” असं म्हणेपर्यंत मागून कुणीतरी खांबावर बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि म्हणालं, “सेदिर.” देवदाराच्या जातीचं लाकूड, तोरोस डोंगरातलं. ते उस्ता.

त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला तुर्की. तरी त्यांनी माझा हात धरून मला मिंबरपाशी नेलं. जुम्म्याचं प्रवचन जिथून देतात ते पायऱ्यांचं आसन. हे अक्रोडाच्या लाकडाचं, ईसा नावाच्या कारागिरानं केलेलं. अष्टकोन, चांदण्या, बदामाएवढे तुकडे एकमेकांच्या खाचेत बसवलेले. एकही खिळा नाही, सरसही नाही. उस्तांनी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवली, थोडी सैल केली, पुन्हा आवळली. मला कळलं. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आवळतं. एकच सलग फळी असती तर चिरली असती. इथे प्रत्येक तुकड्याला हलायला तेवढीच जागा ठेवली आहे, म्हणून सातशे वर्षांत अंग फुटलेलं नाही. मिहराबही पाहिली, सहाएक मीटर उंच, सगळी फिरोजी आणि निळ्या तुकड्यांची. पण मी सुताराबरोबर होतो. त्यांनी तिच्याकडे नुसती हनुवटी उडवली आणि मला पुन्हा लाकडाकडे वळवलं.

बाहेर आलो तर बर्फ सुरू झालेला. दुपारी कळलं की घाट बंद, बस नाही. उस्तांनी विचारलंही नाही. दुकानाचं कुलूप काढलं, शेगडी पेटवली, कंबर आवळलेल्या पेल्यात चहा दिला. भिंतीवरचं एक हत्यार उचलून म्हणाले, “रेंदे.” मी ओरडलोच, “रंधा!” मग खेळच सुरू झाला. खिळ्याला ते ‘मह’ म्हणाले, मी ‘मेख’ म्हणालो. दुकान ते ‘दुक्क्यान’. साबण ते ‘साबुन’. गावाच्या नावातलं शेहिर म्हणजे आपलं शहरच. बेशेहिर म्हणजे बेचं, सरदाराचं शहर. मध्येच त्यांनी मला “एव्लादम” अशी हाक मारली. अवलाद हा शब्द आमच्याकडे भांडणातच निघतो, त्यामुळे माझा चेहरा पडला. संध्याकाळी त्यांच्या घरी नात भेटली. ती कोन्याला शिकत होती, सुट्टीला आली होती आणि इंग्रजी छान बोलायची. तिनं खुलासा केला, “म्हणजे माझ्या लेकरा.”

तिच्यामुळे पुढचे दोन दिवस आम्हाला धड बोलता आलं. मशिदीचा इतिहास मला तिथेच, चुलीपाशी बसून कळला. 1243 मध्ये मंगोलांनी सेल्जुक सुलतानांना हरवलं आणि राज्य खिळखिळं झालं. मग जागोजागचे सरदार आपापला मुलूख राखू लागले. त्यांतलं एक घराणं एश्रेफोलूंचं. त्या घराण्यातल्या सुलेमान बेनं 1296 ते 1299 या काळात ही मशीद उभारली. मी मनात हिशेब केला. 1296 म्हणजे ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली ते साल, आणि अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला तेही. सुलेमान बे 1302 मध्ये गेला. मशिदीच्या पूर्वेच्या भिंतीला चिकटून टोकदार शंकूच्या माथ्याची त्याची कबर आहे. त्या घराण्याचं राज्य 1326 मध्ये बुडालं, बेशेहिरचा शेवटचा एश्रेफोलू मंगोलांच्या सुभेदाराच्या हातून मारला गेला. मशीद राहिली. अनातोलियातल्या लाकडी खांबांच्या जुन्या मशिदींत ही सगळ्यात मोठी.

“लाकूड आणल्यावर सहा महिने तळ्यात बुडवून ठेवलं होतं, असं आमच्याकडे सांगतात,” उस्ता म्हणाले. “आणि तो मधला हौद बर्फाचा. हिवाळ्यात डोंगरातला बर्फ आणून त्यात भरायचा. वरच्या उघड्या साण्यातूनही पडायचा. उन्हाळ्यात तो हळूहळू विरघळे, आतल्या हवेत ओल राही, लाकूड तडकत नसे.” साणं हा शब्द अर्थात माझा. त्यांना तो फार आवडला. दोनतीनदा म्हणून पाहिला.

मग त्यांनी विचारलं, “तू छत पाहून रडलास का?”

मी रडलो नव्हतो. निदान तसं मला वाटत होतं. पण विचारलं म्हणून सांगितलं. माळवद, ती पहाट, किल्लारी. म्हणालो, मातीचं छप्पर माणसं मारतं. उस्तांनी सगळं ऐकून घेतलं. भूकंप त्यांना सांगायला नको होता. तो त्यांच्याही देशाच्या पाचवीला पुजलेला. मग एकेक प्रश्न विचारायला लागले, लाकडाचं गिऱ्हाईक आल्यावर विचारावेत तसे.

“भार कशावर होता? भिंतीवर की खांबांवर?”

“खांबांवर.”

“खांब पडले?”

“नाही. मागची भिंत पडली. खांब आम्हीच काढले.”

“माती किती होती?”

“वीतभर.”

“वीतभरच? या मशिदीवरही पूर्वी मातीच होती, आता वर पत्र्याचं उतरतं छप्पर आहे. आमच्या खेड्यांत मातीची धाबी अजून आहेत. पावसानंतर त्यांवर दगडी रूळ फिरवतात. आळशी माणूस दर वर्षी जुन्यावर नवी माती टाकतो. पन्नास वर्षांत छप्पर हातभर जाड होतं. तुमची वीतभर कशी राहिली?”

मी गप्प झालो. किल्लारीनंतर तज्ज्ञांनी जे लिहिलं ते मी अभियंता म्हणून वाचलेलं होतं. दगडमातीच्या भिंतींना आरपार बांधणीचे दगड नव्हते, आतला आणि बाहेरचा थर सुटा होता. वर साल-दरसाल माती चढत जाऊन छप्परं भयंकर जड झाली होती. जिथे माळवदाचा भार लाकडी खांबांवर होता तिथे कित्येकदा भिंती पडूनही खांब उभे राहिले. हे सगळं मला ठाऊक होतं, आकड्यांसकट. आमच्या घराशी मी ते कधी ताडून पाहिलं नव्हतं.

“आधी जुनी खरवडून काढायचे,” मी म्हणालो.

“कोण?”

“आबा.”

“नाव काय त्यांचं?”

मला नाव माहीत नव्हतं. आबा म्हणजे मोठ्या माणसाला हाक मारायचा शब्द, एवढंच नातीला सांगू शकलो. तिनं ते तुर्कीत सांगितलं. उस्ता काही बोलले नाहीत. उठून चुलीत लाकूड सारलं.

आम्ही नेमके कशामुळे वाचलो हे आज कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. गाव लांब होतं, हादरा कमी होता. पण आमच्याच गल्लीत दोन घरांची माळवदं खाली आली आणि आमचं आलं नाही, हेही खरं. ही गोष्ट अठरा वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होती आणि ती दाखवायला बेशेहिरचा एक सुतार लागला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घाट उघडला. नात मैत्रिणीकडे गेली होती. उस्ता एकटेच मला बस अड्ड्यावर सोडायला आले. त्यांच्या बायकोनं बटाटा भरलेल्या पातळ रोट्या कागदात बांधून दिल्या होत्या. तो पुडा हातात ठेवून त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, “हक्कनी हेलाल एत.” हक्क कळलं. हेलाल म्हणजे हलाल, हेही कळलं. आपल्याकडे हलाल शब्द फक्त मटणाच्या दुकानावर वाचलेला. मला वाटलं, पुड्यातलं मांस हलालचं आहे असं ते सांगताहेत. मी जोरजोरात मान हलवली, हात हलवला, “नो, नो, नो मीट!” म्हणून हसलो. ते क्षणभर थांबले. मग माझ्या खांद्यावर थोपटलं आणि बसचं दार लागेपर्यंत उभे राहिले.

पुढे नातीशी ईमेल चालू राहिले, वर्षातून एखाददुसरं. ती शिक्षिका झाली. 2023 च्या सप्टेंबरमध्ये तिचा निरोप आला. रियाधच्या बैठकीत युनेस्कोनं अनातोलियातल्या मध्ययुगीन लाकडी खांबांच्या पाच मशिदी जागतिक वारसा यादीत घेतल्या. अफ्योनची, सिव्रिहिसारची, अंकाऱ्याची, कास्तामोनूजवळच्या कसाबा खेड्यातली आणि बेशेहिरची. मी लगेच फोन लावला. उस्तांना सांग म्हणालो. ती म्हणाली, ते दोन वर्षांमागे गेले. सांगायला हवं होतं, राहून गेलं.

मग ती दफनाच्या दिवसाबद्दल बोलत राहिली. त्याच मशिदीच्या बाहेर शवपेटी ठेवली होती. इमामांनी रीतीप्रमाणे जमलेल्यांना विचारलं, “हक्कनझी हेलाल एदियोर मुसुनुझ?” मी तिला थांबवलं. हे दोन शब्द मला ओळखीचे वाटले. याचा अर्थ काय? ती म्हणाली, “या माणसाकडे तुमचं काही येणं असेल, त्याच्या हातून तुमचं काही घेतलं गेलं असेल, तर ते माफ करता का? लोक म्हणतात, हेलाल ओल्सुन. माफ असो. जिवंत माणसंही निरोप घेताना एकमेकांना असंच म्हणतात, पुन्हा भेट होईल न होईल म्हणून.”

मी तिला बस अड्ड्यावरची गोष्ट सांगितली. मटणासकट. ती खूप हसली. मग काही वेळ फोनवर नुसता श्वास ऐकू येत होता.

“माझं त्यांच्याकडे काय येणं होतं?” मी विचारलं. “देणं तर माझंच होतं.”

“तसंच म्हणायचं असतं. ज्यानं दिलं तोही माफी मागतो. आता म्हणा.”

“हेलाल ओल्सुन,” मी म्हणालो.

त्याच महिन्याच्या 30 तारखेला भूकंपाला तीस वर्षं झाली. मी गावी गेलो. पत्र्याच्या घरासमोर आमचे दोन तळखडे अजून पडून आहेत, पोरं त्यांवर बसून मोबाइल बघतात. आबा कधीच गेले होते. त्यांच्या मुलाकडे गेलो. तोही आता साठीच्या पुढचा. चहा झाला. आबांचं नाव मी पहिल्यांदा त्याच्याकडून ऐकलं. मग धीर करून म्हणालो, “दादा, आबांचं आमच्या घरावर लई देणं हाय. त्यांनी माती खरवडून काढली नसती तर आम्ही वाचलो असतो का नाय, देव जाणे. तुमचं काही येणं राह्यलं असंल तर माफ करा.”

“माफ कशाला करायचं?” तो म्हणाला. “त्या सालच्या पाच पायल्या राह्यल्यात बघा. जेठात माती केली, कुणबाव्याची रास व्हायच्या आत तुमी घर उतरवलं. म्या म्हनलो, जाऊन मागा. आबा म्हनले, घरच न्हाई राह्यलं, मागावं कशाचं?”

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून ज्वारी आणली. त्यानं आतून पायली आणली आणि ओट्यावर बसून मोजून घेतली. पाचव्या पायलीला शीग आली होती. ती त्यानं हातानं सपाट केली आणि वरची ज्वारी माझ्या पिशवीत परत ओतली.